बंगल बंगल डोंगररांग १९८३ पर्यंत कुणालाच माहीत नव्हती, हे खरं आहे का? एवढी मोठी रांग लपून कशी राहिली?

नाही, खरं नाही. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातली ही रांग किजा आणि जारू या आदिवासी लोकांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तिथल्या घळींमध्ये त्यांची भित्तिचित्रं आहेत, दफनाच्या जागा आहेत. १८८०च्या दशकात गोरे गुरंवाले आले, त्यांनाही ती माहीत होती. त्यांची गुरं राखायला किजा माणसंच तर होती. १९८३च्या सुमारास एका टीव्ही पथकाने विमानातून चित्रण केलं आणि शहरांतल्या ऑस्ट्रेलियाने ती पहिल्यांदा पाहिली. 'शोध लागला' म्हणतात तो एवढाच.

तोवर बोभाटा का झाला नाही, हे तिथे गेल्यावर लक्षात येतं. हमरस्ता रांगेच्या पश्चिमेकडून जातो आणि त्या बाजूला नुसते उभे कडे आहेत. किंबर्लीत असे कडे ठिकठिकाणी दिसतात. भाताच्या मुदी ओळीने पालथ्या घालाव्यात तसे ते प्रसिद्ध घुमट दक्षिणेकडे आहेत. काही तर अडीचशे मीटर उंच! पण त्या खडकावर गुरांना चरायला काही नाही, मग गुरंवाला तिकडे कशाला वळेल? भोवतालची मैदानं मात्र गुरांनी इतकी ओरबाडली की माती वाहून ऑर्ड नदीत जाऊ लागली. शेवटी १९६७ नंतर सरकारने जमीन परत घेऊन गुरं आणि मोकाट गाढवं हटवायला सुरुवात केली. त्याच सुमारास आदिवासी गुराख्यांना समान वेतन देणं बंधनकारक झालं आणि मालकांनी कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर काढली. ज्यांना इथली घळ न् घळ माहीत होती, त्यांनाच आपल्या भूमीपासून तोडलं गेलं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

खडक जवळून पाहण्यासारखा आहे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म, आतून पांढरट आणि ठिसूळ. वरची पातळ साय तेवढी त्याला सांभाळते. ज्या थरात ओल टिकते तिथे सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे सूक्ष्म जीव) वाढतात, तो पट्टा काळपट करडा. जो थर लवकर वाळतो त्यावर लोहाचा गंज चढतो, तो केशरी. ही साय निघाली की आतली वाळू पावसात वाहून जाते. म्हणून घुमटांवर चढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

१९८७ मध्ये हे पुर्नुलुलू राष्ट्रीय उद्यान झालं, २००३ मध्ये जागतिक वारसा. पण वारसा यादीत ते फक्त नैसर्गिक निकषांवर आहे. किजा-जारूंचा तिथला वारसा त्या निकषांत धरलेला नाही.

जायचं असेल तर कोरड्या हंगामात जा, पावसाळ्यात उद्यान बंद असतं. हमरस्ता सोडल्यावरचे ५३ किलोमीटर फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय जमत नाहीत. त्यांना दोन-तीन तास धरा.