मलावीत शिकवायला येताय? आधी हे विचारून घ्या

ताई, तुम्ही हडपसरच्या नर्सिंग कॉलेजात शिकवताय, एका संस्थेने दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावीत स्वयंसेवक शिक्षिका म्हणून बोलावलंय, आणि तुमचे प्रश्न तीन: नोंदणी कशी होते, पैशात भागतं का, आणि आपला तिथे काही उपयोग होतो का. मीही पुण्याचीच. आता इथल्या राजधानीत, लिलाँग्वेत राहते, नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते ‘नाही’ असेल तर बाकीच्या दोनांची गरजच नाही.

उपयोग होतो, पण तुम्हाला वॉर्डात ड्यूटीला जुंपलं नाही तर. इथे नर्सेस कमी आहेत हे खरंच. पण त्याच वेळी इथल्या नर्सिंग कौन्सिलची परीक्षा पास होऊन घरी बसलेल्या नर्सेसही आहेत, कारण पदं भरायची तर सरकारकडे पगाराला पैसे नाहीत. म्हणजे चार हात कामाला आणखी हवेत, तर ते इथेच आहेत. त्यासाठी पुण्याहून कुणी यायला नको. कमतरता आहे ती वॉर्डात विद्यार्थ्याच्या शेजारी उभं राहून शिकवणाऱ्यांची. वर्गात मुलं भरपूर, ट्यूटर मोजके; क्लिनिकल पोस्टिंगला मुलं ज्या सिस्टरच्या भरवशावर सोडलेली असतात, तिच्याकडे आधीच अख्खा वॉर्ड असतो.

एक उदाहरण देते. नवजात बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात करायची, हे इथल्या प्रत्येक मुलीला तोंडपाठ आहे. पण बाहुलीवर करून दाखव म्हटलं की मास्क हनुवटीवर नीट बसत नाही, गालाच्या बाजूने हवा सुटते, छाती वर येत नाही, आणि मुलगी घाबरून मास्कला जोडलेली हवेची बॅग आणखी जोरात दाबते. डोकं किंचित मागे, मास्क नीट, बोटांची पकड बदल, की छाती उचलली जाते. हे फळ्यावर शिकवता येत नाही. मी स्वतः एकदाच दाखवते, पुढच्या मुलीला इथली ट्यूटर शिकवते आणि मी बाजूला उभी राहते. म्हणून संस्थेला लेखी विचारा: माझ्याबरोबर इथली कोणती शिक्षिका असेल, आणि मी गेल्यावर माझा विषय कोण घेणार? उत्तर गुळमुळीत आलं तर येऊ नका.

ससूनमध्ये पोस्टिंग केलेल्या बाईला इथली गर्दी नवी वाटणार नाही. पेशंटचे नातेवाईक आवारात चूल मांडून नसिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) शिजवतात, आंघोळ घालतात, भरवतात. त्यांना इथे गार्डियन म्हणतात. युरोपातून आलेले लोक हे बघून गांगरतात, आपण नाही. मात्र पेशंटसमोर विद्यार्थिनीला झापायची आपली सवय विमानतळावरच सोडा. आणि सकाळी हँडओव्हरला थेट कामाचं बोलू नका. आधी ‘मुली ब्वांजी’ म्हणून विचारपूस, मग बेड नंबर एक. एचआयव्हीबद्दल तर इथून शिकूनच जाल: प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला आयुष्यभराची औषधं द्यायची, हे धोरण मलावीने 2011 मध्ये सर्वांच्या आधी आणलं.

आता नोंदणी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही याचा दाखला), पदव्या, अनुभवपत्रं आणि पोलिस क्लिअरन्स (मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून) लागेल. राज्याच्या मंत्रालयातून साक्षांकन आणि मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का. दोन्ही देश या शिक्क्याच्या हेग करारात आहेत, त्यामुळे दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. एजंट त्याचे पैसे लावू पाहतात, देऊ नका. इथल्या कौन्सिलची तात्पुरती नोंदणी आणि कामाचा परवाना संस्थेने काढायचा. ते हातात येईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

पैसे: भत्त्यात राहणं-खाणं निघतं, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता निघत नाही. तो कोण भरणार हे घरी आधी ठरवा. भत्ता डॉलरमध्ये मागा. नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचाचं, म्हणजे इथल्या चलनाचं, 44 टक्के अवमूल्यन झालं, तेव्हा क्वाचात भत्ता घेणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. विम्यात जोहान्सबर्गपर्यंत विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का, हेही बघा. कॉलेजकडून बिनपगारी रजा आणि परत घेण्याची हमी कागदावर घ्या. प्राचार्य बदलले की तोंडी शब्द कोण ओळखतो!

मलेरिया इथे बारा महिने, पावसाळ्यात जास्तच. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करा, मच्छरदाणी रोज लावा. पेशंटची सुई टोचली तर पीईपी (एचआयव्हीची लागण टाळणारं औषध) 72 तासांच्या आत आणि पुढे 28 दिवस. हे औषध कुठे मिळतं ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. येता-जाता अदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलाल, म्हणून पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. त्या लशीचं पिवळं कार्ड नसेल तर परतताना मुंबईला अडकू शकता.

सामानात जुनी मशिन्स आणू नका. सुटा भाग मिळत नाही आणि स्टोअररूममध्ये अडगळ वाढते. सेकंदकाट्याची घड्याळं आणा, चार-पाच तरी, श्वास मोजायला मुलांकडे नसतात. डाळ-तांदूळ ओझं करून आणायची गरज नाही, गुजराती दुकानांत सगळं मिळतं. गोडा मसाला तेवढा आणा.