दैनिक मननात सुवार्ता न पोहोचलेल्या लोकांसाठी प्रार्थना करतो, पण ती नुसती यादी वाचल्यासारखी होते. काय करावं?

तुमचं लिहिणं मला असं समजलं. रोजचं वचनवाचन आणि मनन नियमित आहे. त्याच्या शेवटी अ‍ॅपमध्ये आलेला 'आजचा लोकसमूह' घेऊन प्रार्थना करता. नाव वाचायचं, 'प्रभू, यांना तुझी ओळख होऊ दे' म्हणायचं, आमेन. दुसऱ्या दिवशी कालचं नाव आठवतही नाही. स्वतःच्या घरच्या अडचणी आधी मांडल्या की अपराधी वाटतं, हेही तुम्ही लिहिलंय. आणि अ‍ॅप चालू ठेवावं का, असा शेवटचा प्रश्न.

माझ्या मते अडचण तुमच्या कळकळीत नाही, मांडणीत आहे. मनन एकीकडे आणि मध्यस्थी (म्हणजे दुसऱ्यांसाठी प्रार्थना) दुसरीकडे, असे दोन कप्पे झालेत. सकाळी ज्या वचनावर थांबलात, त्याच वचनातून त्या लोकांसाठी मागणं निघू द्या. आणि रोज नवे लोक घेऊ नका. एकच समूह घ्या, निदान काही महिने तरी.

जरा हिशेब करू. जोशुआ प्रोजेक्ट ही जगभरच्या लोकसमूहांची नोंद ठेवणारी ख्रिस्ती संस्था. तिच्या यादीत सुवार्ता न पोहोचलेले सात हजारांहून जास्त समूह आहेत आणि जगाच्या लोकसंख्येतले 40 टक्क्यांहून अधिक लोक त्यांत मोडतात. ज्या समाजात इव्हँजेलिकल (सुवार्ता सांगण्यावर भर देणारे) विश्वासणारे 2 टक्के किंवा त्याहून कमी आणि एकूण ख्रिस्ती 5 टक्के किंवा त्याहून कमी, तो समाज या यादीत येतो. (हे आकडे शास्त्रात कुठे नाहीत, कामाच्या सोयीसाठी ठरवलेली रेघ आहे. तिच्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.) रोज एक नाव घेतलं तर यादी एकदा संपायलाच 19 वर्षं लागतील. म्हणजे एखाद्या समाजाच्या वाट्याला तुमच्याकडून आज पाच मिनिटं, आणि पुढची पाच मिनिटं दोन दशकांनी. यातून ओळख कशी व्हायची?

मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा इतिहास मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, काउंट झिन्झेनडॉर्फच्या जमिनीवर, हेर्नहूट नावाचं निर्वासितांचं गाव वसलं होतं. आपसात भरपूर भांडणं. 1727 च्या ऑगस्टमध्ये प्रभुभोजनाच्या एका उपासनेत त्यांचा समेट झाला आणि महिनाअखेरीला 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेऊन प्रार्थनेची साखळी सुरू केली. ती शंभर वर्षांहून अधिक चालली, असं सांगतात. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी सांगितलं जातं ते पुढचं: 1728 पासून याच गावात रोज एक वचन घरोघरी दिलं जाऊ लागलं. 1731 सालापासून ती वचनं पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली, आणि ते पुस्तक आजही दरवर्षी पन्नासहून अधिक भाषांत निघतं. मधल्या काळात, 1732 मध्ये, लेओनार्ड डोबर हा कुंभार आणि डेव्हिड निट्शमान हा सुतार याच गावातून निघून कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये सुवार्ता सांगायला गेले. रोजचं वचन, तासातासाची प्रार्थना आणि दूरदेशी जाणारे लोक, तिन्ही एकाच लहानशा गावातून आणि पाच-सहा वर्षांच्या आत. आपण मात्र त्यांची तीन वेगवेगळी अ‍ॅप्स केली आहेत.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते एका उदाहरणाने सांगतो. जपानी लोक मुद्दाम घेतोय, कारण 'सुवार्ता न पोहोचलेले' म्हटलं की डोळ्यांसमोर जंगल नाही तर वाळवंट येतं. जपानी लोक त्या यादीतल्या सर्वांत मोठ्या समूहांपैकी आहेत. संपूर्ण बायबल जपानी भाषेत 1887 पासून आहे. चर्च आहेत, धर्मस्वातंत्र्य आहे, तरी ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास. तेव्हा 'त्यांना त्यांच्या भाषेत वचन मिळू दे' ही आपली पाठ झालेली ओळ इथे लागूच पडत नाही. थोडं वाचावं लागतं. कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानमधल्या कागोशिमाला उतरले. 1597 मध्ये नागासाकीत 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर मारलं. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि बंदीचे फलक 1873 पर्यंत उभे होते. यातल्या बहुतेक काळात धर्मगुरू नाहीत, बायबल नाही. काही कुटुंबं तोंडी प्रार्थना मुलांना शिकवत राहिली. 1865 मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी नवं चर्च उभं राहिलं, तेव्हा त्यातलेच काही गावकरी आत आले आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला हळूच म्हणाले की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे.

समजा, हे वाचल्यानंतर तुमच्या रोजच्या वाचनात मार्क 4:26-29 आलं. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो. बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. त्या दिवशीचं मागणं असं होऊ शकतं: 'प्रभू, अडीचशे वर्षं तू तिथे जमिनीखाली बी राखलंस. आज तिथल्या लहान मंडळ्यांमध्ये म्हातारे पाळक आहेत, काही मंडळ्यांना तर पाळकच नाही. त्यांना कापणी दिसत नाही म्हणून ते खचू नयेत. घरातली पूर्वजांची वेदी आणि कुटुंबाची कबर यांचं काय करायचं, या विचाराने जो बाप्तिस्म्याच्या अलीकडेच थांबलाय, त्याला वाट दाखव आणि त्याच्या घरच्यांनाही तोडू नकोस.' दुसऱ्या दिवशी वाचनात लूक 15 असेल तर मागणं वेगळं होईल. लोक तेच, वचन नवं. महिन्याभरात नाव आठवण्याचा प्रश्नच उरत नाही.

मागायचं काय, हे सुचत नसेल तर पौलाच्या पत्रांकडे जा. कलस्सैकरांस 4:3 मध्ये तो 'दार उघडावं' अशी प्रार्थना करायला सांगतो. लिहितोय तुरुंगातून, आणि दार मागतोय ते वचनासाठी, स्वतःच्या सुटकेचं नाही! इफिसकरांस 6:19 मध्ये तो बोलायला शब्द आणि धैर्य मागतो, 2 थेस्सलनीकाकरांस 3:1 मध्ये वचनाची वेगाने प्रगती व्हावी म्हणून. मत्तय 9:38 सर्वांना पाठ असतं: पिकाच्या धन्याकडे कामकरी मागा. पण पुढचा अध्यायही वाचा. ज्यांना मागायला सांगितलं, त्यांनाच तिथे पाठवलं जातं.

एक पथ्य मी काटेकोर पाळतो. त्या समाजातला कुणी माझ्या शेजारी बसून ऐकत असता तर त्याला आपला अपमान झाला असं वाटलं असतं का, हे पाहतो. प्रार्थनासभांमध्ये कधी कधी चढाईची, शत्रूचे गड पाडण्याची भाषा चालते. माणसांबद्दल ती वापरणं मला मान्य नाही. ते लोक कुणाची आई, कुणाचे आजोबा आहेत, त्यांच्याकडे पाहुणचार आहे, कविता आहे, देवाचं भय आहे. त्यांच्यातल्या चांगल्या गोष्टींबद्दल आधी आभार माना, मग मागा. जबरदस्ती किंवा आमिष तर कुठेच बसत नाही. आपण मागतोय ते देवाकडे, आणि हो-नाही म्हणायचं स्वातंत्र्य त्या माणसाचं.

आणखी एक, व्हॉट्सअ‍ॅपबद्दल. अवघड देशांत काम करणाऱ्यांची नावं, गावं, फोटो प्रार्थना-विनंती म्हणून पुढे ढकलू नका. देव पत्ता न सांगता ऐकतो. फॉरवर्ड मात्र कुठेही पोहोचतो.

अपराधीपणाबद्दल: स्तोत्र 67 काढून पाहा. सुरुवात 'आम्हांला आशीर्वाद दे' अशीच आहे. लगेच पुढे कारण येतं, म्हणजे तुझा मार्ग पृथ्वीवर कळावा. घरचं दुखणं, नोकरी, मुलांची परीक्षा आधी मांडण्यात काही चूक नाही, फक्त तिथेच आमेन म्हणू नका. हे स्तोत्र सातच ओव्यांचं आहे. मन कोरडं असतं, शब्द फुटत नाहीत, त्या दिवशी मी ते मोठ्याने वाचतो, ज्या लोकांसाठी प्रार्थना करतोय त्यांचं नाव मध्ये घेतो आणि उठतो. असे दिवस पुष्कळ असतात. त्या दिवशी ओढून-ताणून भावना आणायच्या नाहीत.

फळ दिसेल का? नेपाळची दारं 1951 पर्यंत बाहेरच्यांना जवळपास बंद होती आणि सीमेच्या अलीकडे थांबून लोक वर्षानुवर्षं प्रार्थना करत होते. 2021 च्या तिथल्या जनगणनेत ख्रिस्ती लोक 1.76 टक्के, म्हणजे पाच लाखांहून अधिक आहेत. त्या प्रार्थना करणाऱ्यांपैकी किती तरी जण हा आकडा पाहायला राहिले नाहीत. तेव्हा मुदत घालून बसू नका.

अ‍ॅप आणखी महिनाभर ठेवा, पण निवड करण्यापुरतं. ज्या नावावर मन दुसऱ्यांदा जाईल, ज्याच्याबद्दल वाचावंसं वाटेल, ते वहीत लिहा. त्या लोकांची भाषा कोणती, त्यात वचन छापील आहे की फक्त ऐकायला मिळतं, पोटापाण्याचा धंदा काय, एवढं पानभर टिपून ठेवा. मग नोटिफिकेशन बंद करा. घरचे किंवा मंडळीतलं कुणी सोबत असेल तर त्यांनीही तोच समूह घ्यावा, म्हणजे भेटल्यावर बोलायला काही तरी राहील.