राष्ट्रीय अस्मिता बळकट असली की देशाचे सामाजिक प्रश्न सुटतात का?

तुम्ही देशाबद्दल विचारलंय, मी गोव्यातल्या, डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेबद्दल सांगते. तिथे मी 21 वर्षं शिकवलं.

अस्मितेने प्रश्न सुटत नाहीत. खापर कुणावर फोडायचं तेवढं ती झटकन ठरवून देते.

आमच्या घरात अस्मितेला कधीच तोटा नव्हता. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात मामंजींनी फुलावर, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायला मत दिलं. दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवणारी बाजू, 34,021 मतांनी जिंकली, आणि ते दुःख वारशाने दिराकडे आलं. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा दीर मातृभाषेसाठी पणजीला जाऊन घसा बसवून आला. मग 2013 च्या जूनमध्ये पहिलीसाठी मुलं शोधत मी दारोदार फिरत होते. त्याचा मुलगा नेमका त्याच वयाचा. तर म्हणतो, "वहिनी, त्याचं म्हापशाला झालं की. इंग्रजीत." वर चहाचा आग्रह.

त्या वर्षी माझ्या पहिलीत पाच मुलं होती. चार गदग-विजापूरकडच्या मजुरांची. त्यातली एक मिस्त्रीची पोर घरी कानडी, दुकानात कोंकणी आणि माझ्याशी मराठी बोलायची. 'ळ' तिच्याइतका स्वच्छ वर्गात कुणाचाच नव्हता. (कानडीत 'ळ' आहेच, पण हे आमच्या गावात कुणाला सांगणार?) 19 डिसेंबरला, मुक्तिदिनी, तिने भाषण केलं. प्रमुख पाहुणा अर्थात दीर. टाळ्या वाजवल्या, आणि खाली उतरल्यावर मला हळूच म्हणाला, "घाट्यांच्या पोरांवर शाळा चालवायची वेळ आली बघा. हे भायले (बाहेरचे) आपली मराठी काय टिकवणार?"

शाळा कुणामुळे ओस पडली हे विचारायला हवं होतं. मी नारळ फोडायला गेले.

कोंकणीवाल्यांचंही तेच, म्हणजे ही काही मराठीची मक्तेदारी नाही. कचरा भायल्यांचा, चोऱ्या भायल्यांच्या. आणि दिल्लीच्या माणसाला जमीन विकून आलेला भाटकार (जमीनदार) ग्रामसभेत सगळ्यात मोठ्याने गोंयकारपणावर बोलतो.

हां, अस्मिता अगदीच टाकाऊ नाही. 1967 ला ती नसती तर आज आम्ही महाराष्ट्राच्या कोपऱ्यातला एखादा जिल्हा असतो. (मामंजी हे वाचायला नाहीत ते बरं.) इंग्रजीत घालणारे सगळेच ढोंगी असतात असंही नाही, नोकरीची भीती खरी आहे. पण मग निदान धरण्याला बसू नका.

तुम्हाला लहान मूल असेल तर जवळच्या शाळेत घाला, भाषा घरी सांभाळा. आमच्या पुतण्याला लग्नाची मराठी पत्रिका वाचता येत नाही, दीर वाचून दाखवतो.

ती मुलगी 2023 ला दहावी झाली. मराठीत 92. दिराला मी मुद्दाम फोन करून सांगितलं. "अस्सं?" म्हणाला, आणि मानकुराद आंबा यंदा किती महाग झालाय ते सांगत बसला.