हायड्रोजन हा अतिनील प्रकाश गिळतो, मग तो गॅलेक्सीबाहेर येतो कसा?

तुमची शंका अशी की 912 अँगस्ट्रॉमच्या (प्रकाशाच्या तरंगलांबीचं एकक, मिलिमीटरचा कोटीवा भाग) खालचा अतिनील प्रकाश हायड्रोजन खाऊन टाकतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, गॅलेक्सीत तर हायड्रोजनच हायड्रोजन, मग पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्यांना ॲस्ट्रोसॅट या भारतीय दुर्बीण-उपग्रहातून तो दिसला कसा. शंका रास्त आहे. बहुतेक गॅलेक्सींमधून तो बाहेर येतच नाही, म्हणून तर जिथून येतो तिची बातमी होते.

आधी आकडा बघा म्हणजे अडचण किती मोठी आहे ते कळेल. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवायला 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, 912 अँगस्ट्रॉमच्या फोटॉनकडे बरोब्बर तेवढेच असतात. आता ताऱ्यापासून गॅलेक्सीच्या कडेपर्यंत एक चौरस सेंटिमीटर तोंडाची नळी आहे असं समजा. त्या नळीत न्यूट्रल, म्हणजे इलेक्ट्रॉन जागेवर असलेल्या, हायड्रोजनचे 16 वर 16 शून्यं इतके अणू असले तर 912 च्या फोटॉनांपैकी साधारण 37 टक्के पार होतात. आणि नेहमीच्या गॅलेक्सीत तर अणू याच्या हजारपट किंवा त्याहून जास्त असतात, तिथे पार होणारे शून्यच धरा.

त्यामुळे गॅसमधून गाळून गाळून थोडा प्रकाश आला असं सहसा होत नाही. वाट मोकळी असेल तर येतो, नाहीतर नाही. पावसाळ्यात ढग मधेच फाटतो आणि एका गावात लख्ख ऊन तर शेजारच्या गावात अंधारून आलेलं असतं ना, तसंच. म्हणून एखाद्या गॅलेक्सीतून 20 टक्के प्रकाश सुटतो असं वाचलंत तर ते आपल्या दिशेपुरतं आहे हे लक्षात ठेवा, तीच गॅलेक्सी दुसऱ्या बाजूने बघणाऱ्याला पूर्ण अंधारी वाटू शकते.

ही वाट मोकळी कोण करतं, तर ज्यांचा प्रकाश आहे तेच तारे. एकतर ते आजूबाजूचा हायड्रोजन आयनाइज करून टाकतात, म्हणजे त्याचा इलेक्ट्रॉन उडवतात, आणि इलेक्ट्रॉनच गेला की उरलेला प्रोटॉन पुढच्या फोटॉनला अडवत नाही. गॅलेक्सी छोटी असेल आणि एकाच ठिकाणी भरमसाट तारे जन्मले असतील तर हा आयनाइज झालेला भाग वाढत वाढत गॅस संपतो तिथपर्यंत पोचतो. दुसरं म्हणजे सुपरनोव्हा, अजस्त्र तारे मरतानाचे स्फोट, ते गॅस ढकलून भोकंच पाडतात. पण इथे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटणारी गोची आहे. असा प्रकाश देणारे अजस्त्र तारे जेमतेम काही दशलक्ष वर्षं जगतात आणि सुपरनोव्हा व्हायलाही साधारण 3 दशलक्ष वर्षं जावी लागतात, म्हणजे भोक पडेपर्यंत सगळ्यात जास्त प्रकाश देणारे तारे मेलेले असतात. म्हणून मग जोडताऱ्यांचा विचार करतात, कारण एका ताऱ्याने दुसऱ्याचं वरचं आवरण ओढून घेतलं की आतला तापलेला भाग उघडा पडतो आणि अतिनील प्रकाश आणखी बराच काळ मिळत राहतो. शिवाय धूळ आहेच, वाट असली तरी ती वाटेत प्रकाश खाते.

आता ॲस्ट्रोसॅट. गॅलेक्सीचं नाव एयूडीएफएस01, अंतर सुमारे 9.3 अब्ज प्रकाशवर्षं, रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची लांबी किती ताणली गेली त्याचं माप) 1.42. ऑक्टोबर 2016 मध्ये हबल दुर्बिणीने खूप खोलवर टिपलेल्या आकाशाच्या तुकड्यावर, एक्स्ट्रीम डीप फील्डवर, ॲस्ट्रोसॅटवरची अतिनील दुर्बीण यूव्हीआयटी 28 तास रोखून ठेवली होती. त्याच्या फिल्टरने पकडला साधारण 1540 अँगस्ट्रॉमचा प्रकाश, पण विश्व प्रसरण पावल्यामुळे लांबी 2.42 पट झालेली, म्हणजे निघताना तो 640 च्या आसपास होता. 912 च्या बराच खाली! यूव्हीआयटीचा आरसा 37.5 सेंटिमीटरचा, हबलचा 2.4 मीटरचा, तरी हे काम छोट्याने केलं कारण त्याच्या डिटेक्टरचा स्वतःचा नॉइज फारच कमी आहे. पण दिसलं म्हणजे झालं असं नसतं, त्याच रेषेत अलीकडे एखादी जवळची फिकी गॅलेक्सी असली तर तिचा साधा प्रकाश यात मिसळतो, आणि या विषयात असे दावे आधी फसलेत. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या टीमला खात्री करायला जवळपास दोन वर्षं लागली, मग ऑगस्ट 2020 मध्ये पेपर आला. सुटणारा प्रकाश किमान 20 टक्के. बातम्यांमध्ये फक्त 'भारताने शोधली गॅलेक्सी' एवढंच होतं, मधली ही मेहनत कुणी सांगितलीच नाही.

जवळच्यांमध्ये ग्रीन पी नावाच्या छोट्या हिरवट गॅलेक्सी बघा, त्यातल्या एकीतून 72 टक्के सुटतो असं 2018 मध्ये मोजलंय. 2022 च्या एका सर्व्हेत हबलने 66 जवळच्या गॅलेक्सी तपासल्या, 35 मध्ये हा प्रकाश नक्की सापडला. अर्थात त्या संशय घेऊनच निवडलेल्या होत्या, सरसकट निम्म्या गळक्या असतात असं समजू नका. संशय घ्यायची एक चांगली खूण म्हणजे 1216 अँगस्ट्रॉमची लायमन अल्फा, हायड्रोजनचीच एक प्रकाशरेषा. हा प्रकाश हायड्रोजनमध्ये आपटत आपटत बाहेर येतो आणि स्पेक्ट्रममध्ये त्याची दोन शिखरं होतात, गॅस कमी असेल तर ती जवळ जवळ येतात.

हा खटाटोप अशासाठी की विश्व साधारण अब्ज वर्षांचं होईपर्यंत सगळीकडचा न्यूट्रल हायड्रोजन परत आयनाइज झाला, आणि ते बहुधा अशाच गॅलेक्सींनी केलं. पण त्या काळातल्या गॅलेक्सींचा हा प्रकाश थेट दिसणार नाही, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीलाही नाही, कारण मधल्या अवकाशातला हायड्रोजन तो आपल्यापर्यंत येऊच देत नाही. म्हणून जवळच्यांवर मोजून तिकडे लावायचं. पूर्वी हिशोबात फोटॉन कमी पडायचे, वेब आल्यापासून उलटं झालंय, जवळच्यांची टक्केवारी तिकडे जशीच्या तशी लावली तर फोटॉन इतके जास्त होतात की न्यूट्रल हायड्रोजन फारच लवकर संपायला हवा होता. सध्या भांडण त्यावर चालू आहे.