घराचं कर्ज : एजंटकडून घ्यावं की थेट बँकेतून?

प्रश्न : आम्ही कळव्याला भाड्याने राहतो. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका टॉवरमध्ये वन बीएचके बघितलाय, काम चालू आहे, अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू 62 लाख. माझा पगार हातात 84 हजार, मिसेस घरी ट्यूशन घेते पण तिचं रिटर्न कधी भरलेलं नाही. बिल्डरच्या ऑफिसात बसणारा लोन एजंट म्हणतो नव्वद टक्के करून देतो, तुम्ही फक्त पेपर द्या. माझं सॅलरी अकाउंट आहे त्या बँकेत दोनदा गेलो तर साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं. सासरे म्हणतात एजंटच्या नादी लागू नका, मित्र म्हणतो त्याच्याशिवाय काम होत नाही. काय करावं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : सासरे आणि मित्र दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. माझं म्हणणं विचाराल तर बँक तुम्ही स्वतः निवडा आणि पळापळ हवी तर एजंटला करू द्या, ही दोन कामं एकाच माणसावर टाकली की तिथेच लोक अडकतात.

एजंटला त्याचे पैसे बँक देते, कर्ज डिसबर्स झालं की रकमेवर ठरलेला पेआउट, म्हणजे कमिशन, मिळतो, म्हणून तुमच्याकडून त्याने वेगळं काही घ्यायचं नसतं. पण त्यामुळेच ज्या बँकेत त्याचा कोड नाही, म्हणजे एजंट म्हणून नोंद नाही, त्या बँकेचं नाव तो घेणार नाही, आणि जिथे पेआउट चांगला तिथे फाइल वळवायचा मोह होतोच. माणूस वाईट असतो असं नाही, बरेच जण खूप मेहनत करतात, रात्री नऊला घरी येऊन सह्या घेऊन जातात, पण तो तुमच्या बाजूने नेमलेला नाही एवढं लक्षात असू द्या.

आता ते नव्वद टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 90 टक्के कर्ज मिळू शकतं ते 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला जास्तीत जास्त 80 टक्के. म्हणजे 62 लाखांवर तुमची मर्यादा 49 लाख 60 हजार झाली, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन हे घराच्या किमतीत धरत नाहीत. मग हिशोब असा की 12 लाख 40 हजार तुमचे, ठाण्यात 7 टक्क्यांनी स्टॅम्प ड्युटी 4 लाख 34 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, बांधकाम चालू असल्यामुळे 5 टक्के जीएसटी 3 लाख 10 हजार, असे साधारण 20 लाख स्वतःचे लागतील, पार्किंग, मेंटेनन्स डिपॉझिट वेगळं. एजंट 90 म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वरची रक्कम टॉप-अप, म्हणजे होम लोनवरचं जादा कर्ज, नाहीतर पर्सनल लोन म्हणून जोडलेली असते, आणि पर्सनल लोनचा रेट होम लोनपेक्षा खूपच जास्त असतो. त्याला सरळ विचारा, वरचे 10 टक्के कुठल्या नावाने देणार, कुठल्या रेटने, ते लिहून द्या.

मिसेसचं रिटर्न नाही म्हणून सरकारी बँक तिचं उत्पन्न धरेल असं वाटत नाही. इथे एजंट तुम्हाला हाउसिंग फायनान्स कंपनीकडे नेणार, तिथे ट्यूशनचं उत्पन्न अंदाजाने धरतात, काम होतंसुद्धा. पण बँकांना 1 ऑक्टोबर 2019 पासून नवीन फ्लोटिंग होम लोन रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडावं लागतं आणि तीन महिन्यांत निदान एकदा रिसेट करावं लागतं, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही, त्यांचा पीएलआर, म्हणजे स्वतः ठरवलेला मूळ दर, असतो. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो 6.50 वरून 5.50 वर आला तेव्हा रेपोला जोडलेल्या कर्जांचा दर आपोआप खाली आला. कंपनीचं कर्ज असलेल्यांना मात्र कंपनी पीएलआर कधी आणि किती कमी करते याची वाट बघावी लागते. म्हणून शक्य असेल तर मिसेसचं रिटर्न आता भरायला लागा, आणि तुमच्या एकट्याच्या पगारावर बँक किती देते ते आधी बघा. 84 हजारांत जवळपास 50 लाखांच्या 20 वर्षांच्या कर्जाचा 42–43 हजारांचा हप्ता म्हणजे अर्धा पगार जातो, मुलांच्या फिया असतील तर मला स्वतःला हे जड वाटतंय, जमत असेल तर कर्ज थोडं कमी घ्या.

रेटमधला पाव टक्का छोटा वाटतो म्हणून सांगते, 50 लाख 20 वर्षांसाठी 8.50 ने घेतले तर हप्ता 43,391 येतो आणि 8.25 ने 42,603, महिन्याला 788 रुपयांचा फरक, 20 वर्षांत 1 लाख 89 हजार. हा फरक एजंट सांगेल त्या बँकेवर सोडून देऊ नका.

बँकेत परत पाठवलं त्याबद्दल. मोठ्या बँकांत होम लोनची फाइल शाखेत मंजूर होतच नाही, वेगळं प्रोसेसिंग सेंटर असतं, स्टेट बँकेत त्याला आरएसीपीसी म्हणतात, तिथला नंबर शाखेतून घ्या आणि थेट तिथे भेटा. स्टेट बँकेचे स्वतःचे होम लोन कौन्सेलरही असतात, ते घरी येऊन पेपर नेतात. तुमच्या बँकेतही असं कोणी आहे का विचारा. बिल्डरचा प्रोजेक्ट त्या बँकेने आधीच अप्रूव्ह केलेला असेल तर टायटलचं, म्हणजे मालकीचे कागद तपासायचं, काम झालेलं असतं आणि फाइल लवकर सरकते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, वेबसाइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून प्रोजेक्टची पझेशनची तारीख स्वतः बघा, ते मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे.

एक कळकळीची विनंती. सॅम्पल फ्लॅट बघून खाली आलात की टेबलावरचा मुलगा म्हणतो, पॅन आणि आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, एलिजिबिलिटी चेक करून सांगतो. तसं देऊ नका. त्या एका फोटोवर चार-पाच ठिकाणी अर्ज टाकले जातात आणि प्रत्येक ठिकाणची एन्क्वायरी तुमच्या सिबिल रिपोर्टमध्ये दिसते, मग खऱ्या बँकेतला ऑफिसर विचारतो एवढ्या ठिकाणी का फिरलात. झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर आडवं लिहा, फक्त होम लोनसाठी, अमुक बँक, तारीख, खाली सही. ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट एजंटच्या हातात कधीच नाही, ते थेट बँकेत द्यायचं आणि यादीवर पोच घ्यायची.

शेवटच्या सहीआधी केएफएस मागा, की फॅक्ट स्टेटमेंट, 1 ऑक्टोबर 2024 पासून ते देणं सक्तीचं आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, व्याज, प्रोसेसिंग फी, इतर चार्जेस सगळं धरून. दोन बँकांची केएफएस शेजारी ठेवा आणि ते आकडे बघा, एजंटने तोंडी सांगितलेला रेट बाजूला राहू द्या.

प्रश्न : नेरुळला सिडकोच्या प्लॉटवरच्या सोसायटीत रिसेल फ्लॅट घेतोय. एजंट लोनच्या 1 टक्का फाइल चार्ज मागतो, तोही आधी आणि कॅश. देऊ का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही. प्रोसेसिंग फी बँकेच्या खात्यात जाते आणि तिची पावती मिळते, कॅशला काही पुरावा नाही. पण तुमच्या केसमध्ये चांगला एजंट खरंच उपयोगी पडतो, हेही सांगायला हवं. जमीन सिडकोकडून लीजवर आहे, त्यामुळे सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेटबरोबर सिडकोचे ट्रान्सफरचे पेपर आणि गहाण ठेवायची परवानगी लागते, आणि पहिल्या मालकापासूनचे सगळे अ‍ॅग्रीमेंट, रजिस्ट्रेशनच्या पावत्यांसकट. मधला एक जरी गहाळ असला तरी बँकेचा पॅनेल वकील फाइल थांबवतो. म्हणून टोकन देण्याआधीच विक्रेत्याकडून ही चेन मागून घ्या, आणि लोन नाही झालं तर टोकन परत मिळेल असं लिहून घ्या. व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर 1 टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा कर, तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो, हे एजंट सांगायचं विसरतात आणि नोटीस तुम्हाला येते.

प्रश्न : ऐरोलीत फ्लॅट घेतला, लोन झालं, नंतर बघितलं तर लोनमध्येच 1 लाख 60 हजारांचा इन्शुरन्स जोडलाय. एजंट म्हणाला होता कंपल्सरी आहे.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : लोनबरोबर त्यांचाच इन्शुरन्स घ्यायची सक्ती नाही ताई. पॉलिसीची तारीख बघा, हातात आल्यापासून 30 दिवसांचा फ्री-लुक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, असतो, त्यात लेखी कळवलं तर थोडी कपात होऊन प्रीमियम परत मिळतो. ईमेल विमा कंपनीला आणि बँकेला दोघांना करा, फोनवर बोलून सोडू नका, आणि परत आलेली रक्कम लोन खात्यातच जमा करायला सांगा, फ्लोटिंग लोनला प्रीपेमेंट चार्ज लागत नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. फक्त आधी घरात टर्म इन्शुरन्स आहे का ते बघा. नसेल तर हा रद्द करायच्या आधी तो काढा, एवढं कर्ज डोक्यावर असताना मध्ये एक दिवसही रिकामा नको.