मेंदूविज्ञानाने बुद्धांचा अनात्मवाद, म्हणजे कायम टिकणारा 'मी' किंवा आत्मा नसतो हा विचार, सिद्ध केला, असं म्हणता येईल का?

सिद्ध केला म्हणणं जरा जास्तच होईल. पण दोघांची वाट बरीच लांब सोबतीने जाते, हे खरं.

मेंदूशास्त्रज्ञ मायकल गाझानिगांचा एक प्रयोग बघा. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत मेंदूच्या दोन अर्धांमधला दुवा कापलेला रुग्ण. त्याच्या डाव्या अर्धाला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फाचं दृश्य. समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने (तो डाव्या अर्धाच्या ताब्यात असतो) कोंबडी निवडली, डाव्याने (तो उजव्याच्या) फावडं. फावडं का? बोलणाऱ्या डाव्या अर्धाने बर्फ पाहिलाच नव्हता. तरी गडी बिनदिक्कत सांगतो, 'कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की!' म्हणजे आपण ज्याला 'मी' म्हणतो, तो निदान काही वेळा मालक नसून घडून गेल्यावर गोष्ट जुळवणारा मुनीम असतो.

'मिलिंदपञ्ह' या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला हेच विचारतात: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? नाही ना. भाग जुळले की 'रथ' हे नाव पडतं. तसंच रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती), विज्ञान या पाच स्कंधांचं, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या घटकांचं: ते जुळले की 'मी' हे नाव पडतं. (इथे विज्ञान म्हणजे जाणीव, सायन्स नव्हे. मराठीत हा घोळ हमखास होतो.)

फरक हेतूचा आहे. मेंदूविज्ञान 'मी' कसा तयार होतो ते शोधतं. बुद्धांना त्या 'मी'ला चिकटून राहण्यातून येणारं दुःख संपवायचं होतं. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसणारा गुडघेदुखीकडे 'माझी' न म्हणता नुसती संवेदना म्हणून बघायला शिकतो. मेंदूचा स्कॅन काढून ते जमत नाही.