स्पॅगेटी वेस्टर्न (इटालियन दिग्दर्शकांचे काउबॉयपट) फार संथ वाटतात आणि आवाज ओठांशी जुळत नाहीत. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' तर मी अर्ध्यावर सोडला. हे चित्रपट पाहायचे कसे?

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) तुम्ही अर्ध्यावर सोडलात, असं प्रश्नात लिहिलंय. चित्रपट थोरच आहे, पण सुरुवात त्याने करू नये. त्यातला निर्दय खुनी आहे हेन्री फोंडा. त्याला वर्षानुवर्षं सज्जनाच्या भूमिकेत पाहिलेल्या प्रेक्षकाला त्याचे निळे डोळे दिसताच धक्का बसायचा. तो धक्का अनुभवायचा तर आधी जॉन फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६) बघा.

त्याच दिग्दर्शकाच्या, सर्जिओ लिओनेच्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'पासून (१९६५) सुरुवात करा. त्यात एल इंदिओ या दरोडेखोराकडे वाजणारं खिशातलं घड्याळ आहे. झाकण उघडलं की धून सुरू. धून संपली की पिस्तूल काढायचं, हा त्याचा नियम. चर्चमधल्या प्रसंगात त्या नाजूक किणकिणाटावर संगीतकार एन्निओ मोरिकोनेचा ऑर्गन कडाडतो, मग सगळं ओसरतं आणि मंदावत जाणारी धून तेवढी उरते. पडद्यावर कुणी हलत नाही, पण वेळ सरतेय हे कानांना कळत असतं. तुम्हाला जाणवलेला संथपणा असा मोजून आणलेला आहे. मोबाइलच्या स्पीकरवर तो निव्वळ रेंगाळणं वाटतो, म्हणून निदान चांगला हेडफोन लावा.

चौकटही तपासून घ्या. यातले बरेच चित्रपट टेक्निस्कोप या स्वस्त चित्रण-पद्धतीने चित्रित झाले. ३५ मिमी फिल्मवर एका फ्रेमला एरवी कडेच्या ४ छिद्रांची उंची लागते, इथे २ छिद्रांत भागायचं. फिल्मचा खर्च निम्मा आणि चित्र २.३५:१ इतकं रुंद. साधी भिंगं चालत असल्यामुळे कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ नेता यायचा. घामेजलेल्या कपाळांचे ते प्रचंड क्लोजअप त्यातूनच आले. फ्रेम लहान असल्याने चित्र थोडं रवाळ दिसतं, तो प्रतीचा दोष समजू नका. मात्र कडा कापून टीव्हीच्या आकारात बसवलेली प्रत घेऊच नका. द्वंद्वातला एक गडी चौकटीबाहेर गेला तर पाहायचं काय?

आवाजाचं म्हणाल, तर नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळं नंतर डब होई. सेटवरचा 'मूळ' आवाज कुठल्याच प्रतीत नसतो. लिओनेच्या डॉलर-त्रयीसाठी (एकच नायक-नट असलेले तीन चित्रपट, 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' त्यातलाच) इंग्रजी निवडा, कारण त्यात क्लिंट ईस्टवुडचा स्वतःचा आवाज आहे. सर्जिओ कोर्बुचीचा 'जँगो' (१९६६) मात्र इटालियनमध्ये, सबटायटल लावून बघा. त्याचं इंग्रजी डबिंग फार पोकळ आहे.

आणि लिओनेपाशी थांबू नका. कोर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' (१९६८) वाळवंटाऐवजी बर्फात घडतो, नायक मुका आहे आणि क्लाउस किन्स्की त्यात अंगावर येतो. त्याचा वेगळा सुखान्तही चित्रित झाला होता. तो आधी पाहू नका, मूळ शेवटाची धार जाते. सर्जिओ सोलिमाचा 'द बिग गनडाउन' (१९६६) अमेरिकेत बराच कापला गेला, तेव्हा पूर्ण इटालियन आवृत्तीच शोधा. ली व्हॅन क्लीफ ज्याच्या मागे लागतो तो मेक्सिकन गुन्हेगार आहे की सावज, हे त्यात हळूहळू उलगडतं.

एवढं झाल्यावर 'वन्स अपॉन'कडे परत या. मॅकबेन कुटुंबाच्या हत्येपाशी 'शोले'तलं ठाकूरचं घर तुम्हाला आपोआप आठवेल.